तारेची की बिनतारेची: सहा महिने दोन्ही ब्रा वापरल्यानंतर

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आठवड्याभरातच माझ्या उजव्या काखेखाली बोटाच्या पेराएवढा लाल वळ उठू लागला. संध्याकाळी घरी येऊन ब्रा काढली की तो दिसे, रात्रीतून मावळे आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर केला की त्याच जागी पुन्हा काचू लागे. मी पुण्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दिवसातले पाच-सहा तास उभी असते, उरलेला वेळ वाकून वह्या तपासते आणि जाता-येता स्कूटर चालवते. वय 47, दोन बाळंतपणे झालेली आणि छाती भरीव, त्यामुळे ब्रा कशी बसते यावर माझा सगळा दिवस कसा जातो हे बरेचसे अवलंबून असते. मी सरळ तारेला दोष दिला. स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा कळले की निम्म्या जणींनी तारेची ब्रा केव्हाच सोडून दिली आहे आणि उरलेल्या जणींना तारेशिवाय बाहेर पडणे शक्यच वाटत नाही. दोन्हीकडच्या जणी सारख्याच ठाम होत्या, म्हणून कोणाचेही ऐकून निर्णय घेण्याऐवजी दोन्ही प्रकार एकाआड एक वापरून पाहायचे ठरवले.

एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, शक्य तितक्या सारख्या कापडाच्या आणि फोम नसलेल्या अशा दोन-दोन ब्रा घेतल्या. तारेची प्रत्येकी सुमारे 1,200 रुपयांना पडली आणि बिनतारेची 900 रुपयांना. आपल्याकडे जॉकी, एनॅमोर, ट्रायम्फ, झिवामे, क्लोव्हिया अशा बहुतेक सगळ्या कंपन्या दोन्ही प्रकार विकतात. मी घेतलेल्या कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण कंपन्यांची मॉडेल्स दर वर्षी बदलतात आणि माझा अनुभव एका मॉडेलपेक्षा ब्राच्या घडणीविषयी आहे. स्वयंपाकघरात दुधाचा हिशोब ज्या दिनदर्शिकेवर लिहितो, तिच्यावरच रोज एक खूण करत गेले: कोणती ब्रा घातली, ती काढावीशी कधी वाटली आणि अंगावर वळ कुठे उठला.

पण या खुणांकडे वळण्याआधी मापाविषयी लिहिणे भाग आहे, कारण माझ्या तक्रारीचे मूळ तिथेच निघाले. वीस वर्षे मी 38 बी मापाची ब्रा वापरत होते. हे माप कुठून आले याचा विचार केला तेव्हा आठवले की शिंपीणबाईंनी ब्लाउजसाठी छातीवरून टेप लावला, माप 38 च्या आसपास आले आणि तोच आकडा मी ब्राच्या दुकानातही सांगू लागले. ब्लाउजचे माप छातीच्या सर्वात भरलेल्या भागावरून घेतात. ब्राच्या मापातला आकडा मात्र छातीखालच्या घेरावरून, म्हणजे जिथे ब्राचा खालचा पट्टा बसतो तिथल्या मापावरून ठरतो. या दोन्हींची सरमिसळ आपल्याकडे सर्रास होते, आणि दुकानदार कागदात गुंडाळून देईल ते मुकाट्याने घेऊन यायच्या सवयीमुळे ती कधी उघडकीला येत नाही.

या वेळी मात्र एका मोठ्या दुकानात गेले, जिथे कपडे घालून पाहायची खोली होती आणि माप घेणारी बाई होती. तिने छातीखाली टेप घट्ट लावून 76 सेंटिमीटर आणि भरलेल्या भागावर सैल लावून 95 सेंटिमीटर असे माप घेतले. बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यांत छातीखालच्या 73 ते 77 सेंटिमीटर घेराला 34 म्हणतात. तेव्हा 34 म्हणजे छातीखाली 34 इंच असे समजू नये, तो तक्त्यातला एक क्रमांक आहे. कपाचे अक्षर दोन मापांतल्या फरकावरून ठरते: 12 ते 14 सेंटिमीटर फरक असला तर ए, आणि पुढे साधारण दर दोन सेंटिमीटरला एक अक्षर. माझा फरक 19 निघाला, म्हणजे डी. तिने 34 डी मापाची ब्रा हातात ठेवली तेव्हा मला ती शक्यच वाटली नाही. डी म्हणजे फार मोठे, अशी समजूत माझ्याही मनात घर करून होती. प्रत्यक्षात अक्षर एकटे काहीच सांगत नाही, ते नेहमी शेजारच्या आकड्याच्या संदर्भात वाचावे लागते. 34 डी, 36 सी आणि 38 बी या तिन्ही ब्रांचा कप जवळजवळ सारख्याच मापाचा असतो. फरक असतो तो खालच्या पट्ट्याच्या लांबीत.

म्हणूनच माझी चूक इतकी वर्षे लपून राहिली होती. कपात छाती नीट मावत होती, त्यामुळे माप बरोबर आहे असेच वाटे. पट्टा मात्र दोन मापांनी सैल होता. तो पाठीवर हळूहळू वर चढायचा, पुढचा भाग खाली झुकायचा, सगळे वजन खांद्यावरच्या पट्ट्यांवर यायचे आणि हात वर केला की तार आपली जागा सोडून काखेकडे सरकायची. खांद्यावर पडलेल्या खाचा हा माझ्या शरीराचा दोष आहे असे मी धरून चालले होते. खरे म्हणजे ब्राचा बहुतेक आधार खालच्या पट्ट्याने द्यायचा असतो आणि खांद्यावरच्या पट्ट्यांनी कप फक्त जागेवर धरून ठेवायचा असतो. आमच्या आजीची खणाची चोळी आठवली तेव्हा हे अधिक स्पष्ट झाले. तिच्या चोळीला खांद्यावर ताण येईल असे काही नव्हतेच. छातीखाली पुढच्या बाजूला घट्ट मारलेली गाठ सगळा भार पेलत होती, आणि ती गाठ तिच्या अंगाच्या मापाने रोज नव्याने बसत असे.

आता तारेच्या ब्राविषयी. योग्य मापात ती घातली तेव्हा पहिल्याच दिवशी काखेखालचा वळ नाहीसा झाला आणि माझा मूळ आरोप खोटा ठरला. तार म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पोलादाची चपटी पट्टी असते. तिच्या टोकांवर नायलॉनचा थर असतो आणि ती कपाच्या खाली शिवलेल्या बोगद्यासारख्या पट्टीत बसवलेली असते. ती बरगड्यांवर, छाती जिथे अंगाला चिकटते त्या घडीत बसली पाहिजे आणि काखेच्या बाजूला छातीच्या उतींच्या मागे संपली पाहिजे. दोन कपांमधला जोड छातीच्या हाडाला सपाट टेकला पाहिजे. तो अंगापासून वर उचललेला राहिला तर कप लहान आहे असे समजावे, आणि तार छातीच्या मऊ भागावर बसली असेल तर ती कोणत्याही कंपनीची असली तरी टोचणारच. नीट बसलेली तार वजन खालच्या पट्ट्यावर सारखे वाटून देते आणि दोन्ही बाजू वेगळ्या ठेवते. पाचव्या तासाला, जेव्हा पाठ आणि मान आखडायला लागते, तेव्हा हा फरक मला सर्वात जास्त जाणवला. दिनदर्शिकेवर उभ्याने शिकवण्याच्या दिवसांपुढे तारेच्या ब्राला मी जवळजवळ प्रत्येक वेळी चांगली खूण केलेली आहे.

बसून काम करण्याच्या दिवसांचे चित्र मात्र उलटे निघाले. सहामाही परीक्षेच्या वह्या तपासताना मी तास-दीड तास टेबलावर वाकून बसते. तेव्हा पोटाचा भाग वर येतो, तारेची खालची कड बरगड्यांत रुतते आणि अर्ध्या तासात लक्ष वहीतून उडून तिथे जाते. ज्यांची उंची कमी आणि कंबर ते छाती हे अंतर थोडे आहे, त्यांना हा त्रास अधिक होईल असे मला वाटते. बँकेत, कार्यालयात किंवा संगणकापुढे दिवसभर बसणाऱ्या मैत्रिणी तारेला का कंटाळतात, हे मला त्या आठवड्यात कळले.

बिनतारेच्या ब्रामध्ये सगळ्या एकसारख्या नसतात, हे मला आधी ठाऊक नव्हते. घरात घालायची सैलसर होजियरीची ब्रा आणि नीट घडणीची बिनतारेची ब्रा या दोन अगदी निरनिराळ्या वस्तू आहेत. दुसऱ्या प्रकारात आधार शिलाईतून येतो: कप एकाच साच्यातल्या कापडाचा नसून दोन-तीन तुकडे जोडून केलेला असतो, काखेच्या बाजूला न ताणणाऱ्या कापडाचा तुकडा लावलेला असतो, खालचा पट्टा दोन बोटांपेक्षा रुंद असतो आणि मागे दोनाऐवजी तीन हूक असतात. दुकानात ब्रा हातात घेऊन कपाचे कापड आडवे आणि उभे ताणून पाहावे. ते दोन्ही दिशांना रबरासारखे ताणले जात असेल, तर भरीव छातीला ती ब्रा दुपारपर्यंतसुद्धा पुरणार नाही. मी घेतलेली ब्रा या कसोटीला बऱ्यापैकी उतरली. घालताना, वाकताना, स्कूटरवर बसताना ती अंगावर आहे हे विसरायला होई. तीन-साडेतीन तासांनंतर मात्र छाती किंचित खाली उतरल्याचे जाणवे, पट्टे आवळावेसे वाटत आणि जिना भरभर चढताना हालचाल अधिक होई. ज्यांची छाती लहान आहे, त्यांना यातले बहुधा काहीच जाणवणार नाही, आणि त्यांनी केवळ सवय म्हणून तार वापरत राहण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

बिनतारेच्या ब्राची एक अडचण मला ऑक्टोबरच्या उन्हात कळली. ती दोन्ही बाजूंना अंगाशी धरून ठेवते, त्यामुळे मधल्या भागात आणि खालच्या घडीत त्वचेला त्वचा लागून घाम साचतो. दुसऱ्याच आठवड्यात तिथे घामोळे आले. तारेची ब्रा दोन्ही बाजू वेगळ्या ठेवत असल्याने निदान मधला भाग कोरडा राहिला. माझी धाकटी बहीण ठाण्याहून दादरला लोकलने जाते. तिचे म्हणणे की दमट हवेत सुती कापड असणे हे तार असण्या-नसण्यापेक्षा महत्त्वाचे आहे आणि फोमच्या कपाची ब्रा तर मार्च ते जून कपाटातच राहावी. मी तिच्याशी सहमत आहे. ओली झालेली ब्रा दिवसभर अंगावर राहिली की कोणत्याही प्रकारची ब्रा काचणारच.

साडी नेसणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. ब्लाउजचे टक्स ज्या उंचीवर संपतात, ती उंची माप देताना अंगात असलेल्या ब्रावर ठरते. तारेची ब्रा घालून माप दिलेला ब्लाउज बिनतारेच्या ब्रावर घातला की टक्सची टोके छातीच्या वर राहतात, पुढे कापड पोकळ दिसते आणि काखेत चुण्या पडतात. माझे सगळे जुने ब्लाउज सैल पट्ट्याच्या ब्रावर मापलेले असल्यामुळे नव्या ब्रावर एकही धड बसेना. चार ब्लाउज उसवून पुन्हा टक्स घालून घ्यावे लागले. आता मी ठरवून टाकले आहे की साडीच्या दिवशी तारेची ब्रा आणि ब्लाउजचे माप तिच्यावरच. पंजाबी ड्रेस आणि कुडत्याला हा प्रश्न येत नाही.

तारेविषयी जी भीती घातली जाते तिच्याबद्दल दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. माझ्या नणंदेने एका निरोपावर विश्वास ठेवून तारेच्या सगळ्या ब्रा टाकून दिल्या, कारण त्यात लिहिले होते की तारेमुळे स्तनांचा कर्करोग होतो. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल येथील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने 55 ते 74 वयाच्या दीड हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास करून 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ब्रा रोज किती तास घातली, कोणत्या वयात घालायला सुरुवात केली, तार होती की नव्हती, यांपैकी कशाचाही कर्करोगाशी संबंध त्यांना आढळला नाही. छाती ओघळू नये म्हणून तार हवीच, ही समजूतही तितकीच निराधार आहे. वय, गरोदरपणे, वजनातले चढउतार आणि धूम्रपान यांचा परिणाम अंगावर होतो, आणि ब्रा तो थांबवत नाही. ती घातलेल्या वेळापुरता आधार देते, एवढेच तिचे काम.

तार टाळावी असे काही प्रसंग मात्र खरोखर आहेत. अंगावर पाजणाऱ्या आईच्या छातीचे माप दिवसातून अनेकदा बदलते आणि तारेचा एका जागी दाब पडून दूध तुंबू शकते, म्हणून त्या काळात डॉक्टर साधारणपणे तार नसलेली ब्रा वापरायला सांगतात. छातीवर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने जखम पूर्ण भरेपर्यंत तारेपासून दूर राहावे आणि पुढचे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. एमआरआय करताना धातूचे काही अंगावर चालत नाही. वयात येणाऱ्या मुलींचे माप काही महिन्यांत बदलते, त्यामुळे आज बरोबर बसलेली तार सहा महिन्यांनी नको तिथे बसते. माझ्या मुलीला मी पहिली तीन वर्षे बिनतारेच्या सुती ब्राच घेतल्या, आणि खो-खोच्या सरावासाठी स्पोर्ट्स ब्रा. धावणे आणि उड्या यांसाठी आधीच्या दोन्ही प्रकारांपैकी एकही कामाचा नाही. स्पोर्ट्स ब्रा 1977 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये धावणाऱ्या एका स्त्रीच्या अडचणीतूनच जन्माला आली. तारेच्या ब्राचे पेटंट त्याच्याही खूप आधीचे, 1931 चे आहे, पण महायुद्धात धातूचा तुटवडा असल्याने ती घरोघरी पोचायला 1950 चे दशक उजाडले.

तारेची ब्रा घेणाऱ्यांनी धुण्याची शिस्त पाळायची तयारी ठेवावी. माझ्या जुन्या ब्राची तार वॉशिंग मशीनमध्ये फिरून फिरून वाकली आणि एके दिवशी, भूमितीच्या तासाला, काखेजवळची शिवण फोडून तिचे टोक बाहेर आले. नायलॉनचा पांढरा थर गळून गेलेला होता आणि उघडे पोलाद अंगाला लागत होते. मधल्या सुट्टीत टाचणीने कसेबसे ते आत ढकलले. घरी येऊन सुईदोऱ्याने तोंड बंद केले, पण आठवड्याभरात ते त्याच जागी पुन्हा उसवले. एकदा वाकलेली तार सरळ करून उपयोग होत नाही, ती ब्रा बाद समजावी. आता दोन्ही प्रकार मी रात्री साबणाच्या पाण्यात भिजवते, सकाळी हाताने धुते, पिळत नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढते आणि मधल्या जोडावर दोरीवर घालते. खांद्याच्या पट्ट्यांवर टांगली की ओल्या वजनाने ते लांबतात. आपल्याकडे ब्रा टॉवेलखाली किंवा परकराखाली दडवून वाळत घालायची पद्धत आहे. पावसाळ्यात तशी ब्रा दोन-दोन दिवस दमट राहते, तिला कुबट वास येतो आणि तीच अंगावर चढवली की खाज सुटते. मी आता ती गॅलरीत, वाऱ्यावर, उघड्यावर वाळत घालते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी पाहिले, त्या काही बोलल्या नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्याही तिथेच दिसल्या.

विकत घेताना घालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. नवी ब्रा नेहमी शेवटच्या, म्हणजे सर्वात सैल हुकावर बसायला हवी. इलॅस्टिक सैलावत गेले की आतले हूक कामाला येतात. पट्ट्याखाली दोन बोटे सरकावीत, मूठ सरकू नये. मग दोन्ही हात वर करावेत, खाली वाकावे आणि खुर्ची असेल तर पाच मिनिटे बसून पाहावे, कारण तार रुतते ती बसल्यावर आणि पट्टा चढतो तो हात वर केल्यावर. दुकानात अशी खोली नसेल तर बदलून मिळेल का हे आधी विचारावे. नाही म्हणाले तर तिथे घेऊ नये, मग भाव कितीही कमी असो. केवळ नजरेने माप सांगणाऱ्या दुकानदारावर विसंबून मी वीस वर्षे खांद्याचे दुखणे सोसले आहे.

सहा महिन्यांनंतर माझ्या कपाटात दोन्ही प्रकार आहेत. सलग तासांच्या दिवशी आणि साडीवर तारेची ब्रा, परीक्षेच्या दिवसांत, प्रवासात आणि सुट्टीला बिनतारेची. पुढच्या वेळी एकच घ्यायची वेळ आली तर मी तीन हुकांची, तुकडे जोडलेल्या कपाची बिनतारेची घेईन, कारण माझ्या दिवसातला बसण्याचा वेळ वर्षागणिक वाढतो आहे.

या सगळ्यात आईसाठीही एक ब्रा घेतली. ती 74 वर्षांची आहे, बोटांचे सांधे आखडलेले आहेत आणि मागचे हूक तिला लावता येईनात, म्हणून तिने दोन वर्षांपासून ब्रा घालणेच सोडले होते आणि त्यामुळे समारंभांना येणेही टाळत होती. पुढे हूक असलेली, रुंद पट्ट्याची, सुती, बिनतारेची ब्रा 650 रुपयांना मिळाली. ती तिची ती घालते, कोणाला हाक मारावी लागत नाही. दिवाळीत भावाकडे निघताना ती आरशासमोर हुकांवर हुकं लावत उभी होती, आणि शेवटचे लागल्यावर मला म्हणाली, "अगं, अशीच अजून एक आण."